थंड केलेली चांदणी

एस्तेरबाईंनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण उचकटलं, वरचा कापूस बाजूला केला आणि मुलाची, समूची, चांदणी काढून शेजारच्या मेहरुनच्या हातात दिली. "धर जरा. दोरा कुजलाय, नवा ओवते." एवढंच झालं. मेहरुनच्या मांडीवर चहाच्या पेटीतून निघालेला वर्ख होता, शेजारी खळीची वाटी होती. समोर बाईंची रूथ रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकाच्या पट्ट्या कापून त्यांची साखळी चिकटवत बसली होती. लढाईपायी रंगीत कागद मिळत नव्हता, म्हणून यंदा साखळीच्या प्रत्येक कडीवर लोणावळा, कामशेत, तळेगाव अशी स्टेशनं छापलेली होती. दाराशी बादलीत सुरूची फांदी उभी केली होती. बाहेर बाजाराच्या अंगाला ताशा वाजत होता, कारण यंदा मोहरम आणि नाताळ एकाच आठवड्यात आले होते. मेहरुननं चांदणी घेतली तेव्हा तिला काहीच वाटलं नाही. ओळखीची वस्तू. दर नाताळात फांदीच्या शेंड्यावर असायची. तिनं ती उलटून पाहिली, कामटीवर फुंकर मारली आणि मग तिच्या डोक्यात आलं की समू तर घरात नाही. समू ब्रह्मदेशात आहे, फौजेत. मग ही केली कुणी?

"बाई, ही कुणी केली?"

"समूनं."

"कवा?"

"सात वर्षांचा होता तेव्हा. तूच नव्हतीस का शिकवलीस?" बाईंनी दोरा दातानं तोडला. "दर वर्षी हीच लावते मी. तुला काय वाटलं?"

मेहरुनला काय वाटलं होतं ते अगदी साधं होतं. दर वर्षी पोरगा नवी करतो. तो दर नाताळात याच जमिनीवर मांडी घालून कात्री चालवायचा, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तो घंटा करायचा, अंड्याच्या टरफलाला चुना लावून त्यावर नाक-डोळे काढायचा, रिठ्याच्या बियांना बेगड चिकटवायचा आणि चाळीतल्या प्रत्येक घराला एकेक वस्तू भेट म्हणून नेऊन द्यायचा. तेव्हा चांदणीही तोच करत असणार, वेगळं विचारायचं काय? कागदाची वस्तू करायची, मिरवायची, पाण्यात सोडून थंड करायची. पुढच्या वर्षी परत करायची. कागदाचं दुसरं काही करतात हेच तिला माहीत नव्हतं. आणि ही चांदणी डब्यात कापसात गुंडाळून जपलेली. तेरा वर्षांत तिच्या बेगडीचा रंग उडाला नव्हता. पाच टोकं, मधे जाळी. ती जाळी मेहरुनच्या बापाची होती. घडी घालून, घडीची कड न तोडता आतल्या आत कात्री फिरवायची आणि उलगडलं की कमळात कमळ. लोणावळ्यात ती जाळी कापणारी दोनच माणसं होती. एक मेहरुन, दुसरा समू. बेगडसुद्धा तिनंच दिली होती, त्या सालच्या ताबुताच्या गुंडाळीतून उरलेली. पोराला हवी होती, दिली. आठ दिवसांत फाडून टाकेल अशा हिशेबानं दिली. चांदणी तिच्या तळहातावर होती आणि तिला वजनच नव्हतं. हात मात्र खांद्यापासून दुखायला लागला.

आता ताबुताचं सांगायला पाहिजे. सुदुंबऱ्यात मेहरुनचा बाप इब्राहिम आतार बांगड्या, बेगड, कुंकू विकायचा आणि मोहरमच्या आधी महिनाभर ताबूत बांधायचा. कामट्या गावातले मराठे आणून द्यायचे, खळीला पीठ पाटलाच्या घरून यायचं, ताबुताचा पुढचा खांदा पाटलाचा, नवस साऱ्या गावाचा. ताबूत सगळ्यांचा होता, फक्त बायकांचा नव्हता. सांगाडा उभा राहिला की बाईनं शिवायचं नाही. जाळ्या मात्र बाईनं कापलेल्या चालायच्या, कारण त्या घरात कापल्या जायच्या आणि बाहेर येताना बापाच्या हातातून यायच्या. मेहरुन आठ वर्षांची असल्यापासून जाळ्या कापत होती आणि सारं गाव इब्राहिमच्या बोटांची तारीफ करत होतं. इब्राहिम ती ऐकून घ्यायचा. वाईट माणूस नव्हता तो. पण ऐकून घ्यायचा. पुढं लग्न होऊन ती लोणावळ्यात आली, इथंही तेच. यार्डात डबे जोडणाऱ्या गफूरची बायको जाळ्या कापते, गफूर त्या कापडात बांधून बाजारातल्या ताबुताकडं नेतो आणि तिथले दाढीवाले म्हणतात, वा, काय हात आहे. हात कुणाचा ते त्यांना ठाऊक असतं. हेच दाढीवाले तिला निरोप पाठवायचे की ख्रिश्चनाच्या घरात बसून कागद कापणं बरं नव्हे. आणि तिकडं चर्चचे एक बुजुर्ग एस्तेरबाईंना सांगून गेले होते की मोहरमची बेगड प्रभूच्या जन्माला शोभत नाही. धर्माचा मक्ता ज्यांनी घेतलाय त्यांच्यातल्या एकालाही धड कागद कापता येत नाही. दोघींनी दोघांना चहा पाजला आणि पुन्हा कात्र्या घेऊन बसल्या.

पण चांदणी हातात होती आणि मेहरुन सुदुंबऱ्यात होती. सव्वीस वर्षांमागच्या एका साली इब्राहिमनं ताबुताच्या चार कोपऱ्यांना चार मोर केले होते, पिसाऱ्यात खरी बेगड, डोळ्यात आरशाचे कण. तिचा धाकटा भाऊ नसीर, चालायला लागून फार दिवस झाले नव्हते, त्यानं एक मोर पाहिला आणि हट्ट धरला. नदीवर ताबूत पाण्यात उतरवायची वेळ झाली तरी रडतोय. बापानं इकडं तिकडं पाहिलं, एक मोर तोडला आणि पोराच्या हातात दिला. तीन मोर थंड झाले, चौथा घरी आला. आईनं कपाळाला हात लावला. ती म्हणाली, "हुसेनचं नाव घेऊन केलेला कागुद घरात ठेवू नका, माणूस मागतो तो." बाप म्हणाला, "पोर झोपलं की टाकतो नदीत." पोर झोपलं ते मोर छातीशी धरून झोपलं. सकाळी त्याचं अंग तापलेलं होतं. ती मानमोडीची साथ होती. त्या महिन्यात ज्यांनी आयुष्यात ताबूत पाहिला नव्हता तेही मेले. शेजारच्या मुक्ताबाईच्या घरातली तिघं गेली, त्यांच्याकडं कुठला मोर होता? कुठलाच नव्हता. हे मेहरुनला कळत होतं. मूर्ख नव्हती ती. पण कळणं डोक्यात राहतं आणि नसीरच्या मुठीतून मोर सोडवून घेताना बोटांना जे लागलं होतं ते बोटांत राहतं. मूठ उघडत नव्हती. बेगड पोराच्या तळव्याला चिकटून राहिली होती आणि आईनं ती ओल्या फडक्यानं पुसली तरी थोडी राहिली, तशीच मातीत गेली.

"झोप लागली की काय?" एस्तेरबाई म्हणाल्या. "दे इकडं."

तिनं चांदणी दिली. मग म्हणाली, "बाई, ही यंदा थंड करू या. आमच्या ताबुतासंगं. मी दुसरी करून देते, हिच्यापरीस झाक."

"थंड म्हणजे?"

"पाण्यात सोडायची."

बाई हसल्या. बाई उंच, सावळ्या, मुलींच्या शाळेत शिकवायच्या, आणि वर्गात चुकीचं उत्तर आलं की हसावं तशा हसल्या. नवरा गेल्यापासून दोन पोरं त्यांनी एकटीनं वाढवली होती. त्या कुणाला भीत नव्हत्या, म्हणून मेहरुनला त्या आवडायच्या. "अगं, वेडी का काय तू? पोराच्या हातची वस्तू आहे."

"म्हनूनच म्हनते. कागुद असा ठेवत न्हाईत. ज्यानं केला त्याच्यावर येतं."

रूथची कात्री थांबली. बाईंचं हसणं तिथंच संपलं. "मेहरुन, हे पोरीसमोर बोलायचं नाही. आणि माझ्यासमोरही नाही. मी दिवाळीपासून पोस्टमनची वाट बघतेय. माझं कसं चाललंय ते माझं मला ठाऊक आहे. त्यात तू आणखी भर घालू नकोस." मग खुर्चीवर चढून त्यांनी चांदणी शेंड्याला बांधली, आणि खाली उतरून, काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, "मागच्या साली तुला दिलेला तो कागदाचा कंदील कुठंय गं? दिसत नाही तुझ्या खोलीत."

"आहे की. पेटीत ठेवलाय."

पेटीत नव्हता. मेहरुनला नाताळात मिळालेली एकही भेट घरात नव्हती. चांदीच्या वर्खाची घंटा, पंखवाला देवदूत, गेल्या सालचा कंदील, सगळं तिनं त्या त्या मोहरमला पदराखालून नेऊन गुपचूप थंड केलं होतं. टाकून नव्हतं दिलं. नीट धुतल्या हातांनी, समूचं नाव घेऊन. तिला मूल झालं नाही. तिला समू होता. सासूनं गफूरला दुसरी करायला सांगितली तेव्हा गफूर म्हणाला होता, "एकीचंच तोंड बंद करता येईना, दुसरी कशाला?" आणि विषय संपला होता. समू शाळेतून आला की आधी तिच्या खोलीत यायचा, कारण बाई उशिरा यायच्या. तिच्या हातची बाजरीची भाकरी खायचा. "मावशी, कात्री दे." कात्री त्याच्या हातात मोठी दिसायची. पहिल्यांदा जाळी कापली तेव्हा त्यानं घडीची कड तोडली, आणि उलगडल्यावर कमळाऐवजी नुसते तुकडे खाली पडले. रडला नाही. तुकडे गोळा करून म्हणाला, "ह्ये पाऊस झालं." मेहरुन त्या दिवशी इतकी हसली की गफूर ड्युटीवरून आला तर त्याला चूल थंडच सापडली. तो समू आता कुठल्या तरी रानात तारा जोडतोय. इंग्रज आणि जपानी यांचं भांडण, तिथं मावळातल्या पोराचं काय काम? कुणी विचारलं होतं त्याला? पगार दिसला, गेला. भरतीवाल्यानं बूट दाखवले. पोरं बुटांना भुलतात आणि आया पोस्टमनला.

घरी आल्यावर तिनं गफूरला सांगितलं. गफूर जेवत होता.

"मास्तरीणबाईला सांग मग," तो म्हणाला.

"सांगितलं. हसली."

"मग झालं की. तिचं पोर, तिचा कागद."

"पोर निस्तं तिचं हाय व्हय?"

गफूरनं घास तोंडाशी नेलेला थांबवला. विनोद करणारा माणूस होता तो, पण कधी करायचा नाही ते त्याला कळायचं. "मेहरुन," तो म्हणाला, "गोळी लागायची तर ती बंदुकीतून लागंल. बेगडीतून लागत न्हाई."

"नसीरला कुटं बंदूक लागली?"

गफूरनं डाळ चाखली. डाळीत मीठ कमी आहे म्हणाला. ते होतंच.

नाताळ आला तो कडक थंडी घेऊन. सकाळी धुकं इतकं की चाळीतून स्टेशन दिसत नव्हतं, नुसत्या शिट्ट्या येत होत्या. बाई आणि रूथ प्रार्थनेहून आल्या आणि दर वर्षीप्रमाणे घराघरांत करंज्या, आणि करंज्यांवर एकेक कागदाची वस्तू. रूथनं मेहरुनला कबूतर दिलं. वेळापत्रकाचंच होतं, एका पंखावर पॅसेंजर आणि दुसऱ्यावर मेल. मेहरुननं पोरीच्या गालावरून हात फिरवला. उलट भेट म्हणून तिनं रोट आणि चोंगे दिले, मोहरमचे. बाईंनी चोंगा मोडून तोंडात टाकला. सगळं रीतसर झालं. पण मेहरुन जेवढा वेळ त्या खोलीत होती तेवढा वेळ तिनं मान वर केली नाही, आणि तरी चांदणी तिला दिसत होती, जसा खोलीत कुणी उभा असला की पाठीला कळतो तशी. तिला कापूस दिसत होता. तेरा वर्षं पोराचा हात कापसात गुंडाळून, पत्र्याच्या डब्यात घालून, वर झाकण दाबून ठेवलाय. बाईंना ती आठवण वाटते. बाई शिकलेल्या आहेत, त्यांना कागद म्हणजे कागद. मेहरुनला कागद म्हणजे काम. काम पुरं होतं तेव्हाच सुटका होते, करणाऱ्याची आणि ज्याच्या नावानं केलं त्याची. अर्धवट काम माणसाला ओढून धरतं. तिला कुणी हे शिकवलं नव्हतं. तिच्या बोटांचाच तो समज होता. समज खरा की खोटा हे ठरवायला एक जण पाहिजे होता आणि तो ब्रह्मदेशात होता.

दुसऱ्या दिवशी ताबूत थंड व्हायचे होते. दुपारी बाई आणि रूथ तळेगावला मिशनच्या दवाखान्यात बाईंच्या आजारी बहिणीला भेटायला निघाल्या. जाताना बाईंनी नेहमीसारखी किल्ली मेहरुनकडं दिली. "फांदीला पाणी घाल गं बादलीत. सुकतेय." वर्षानुवर्षं किल्ली अशीच दिली जात होती. मेहरुननं ती घेतली, कमरेला खोचली आणि आपल्या दारात बसून राहिली. तिनं स्वतःला सांगितलं की पाणी घालायचं आणि यायचं. ती गेली, बादलीत पाणी घातलं, खुर्ची ओढली, वर चढली. गाठ बाईंनी घट्ट मारली होती. ती दातानं सोडवावी लागली. दाताला सुरूची काडी लागली, कडू. चांदणी पदरात घेतली, दाराला कुलूप लावलं. हे सगळं तिनं भरदिवसा केलं, समोरची अंबूबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली असताना. चोराच्या पायानं ती गेली नाही आणि चोराच्या पायानं आली नाही. चोरी आहे हे तिला कळत होतं. तिनं चोरी केली.

इंद्रायणीवर गर्दी होती. ताशे, लाठीवाले, सरबताच्या बादल्या, पोरांच्या अंगावर नवसाच्या नाड्या. निम्मी गर्दी हिंदूंची, कोंडाजी पैलवान तर पुढच्या खांद्याला. बायका काठावर लांब उभ्या. मेहरुन त्यांच्यातून निघून खालच्या अंगाला गेली, जिथं धुण्याचे दगड होते. तिथून ताबूत दिसत नव्हता, फक्त आरडाओरडा आला आणि तिला कळलं की उतरवला. तिनं पदर सोडला. पाण्यात गुडघ्यापर्यंत गेली. पाणी इतकं गार होतं की पाय आहेत की नाहीत ते कळेना. तिनं नाव घेतलं, आधी हुसेनचं, मग समूचं, आणि चांदणी पाण्यावर सोडली. चांदणी बुडाली नाही. तरंगली. बेगडीवर पाणी ठरत नव्हतं. तिनं वर पाणी उडवलं. चांदणी फिरली, दगडाला लागली, परत तिच्याकडं आली. ताबुताला वजन असतं, दहा माणसं त्याच्यावर असतात, तो बुडतो. हिला काही वजनच नव्हतं. मेहरुननं दोन्ही हातांनी ती धरली आणि पाण्याखाली दाबली. हाताखालून ती वर यायला धडपडत होती. कामट्या वेळूच्या, त्या वर येणारच. कागद आहे, कामटी आहे, हे तिला कळत होतं, आणि तरी तिला तळव्याला जे लागत होतं ते दुसरंच होतं. तिनं डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर सोडून दिली असती. खळ मऊ पडली, एक टोक सुटलं, मग दुसरं. जाळी उलगडली आणि क्षणभर पाण्यात पसरून कमळात कमळ दिसलं, पोरानं कापलेलं, एका जागी कात्री घसरलेली. मग ते विरलं. बेगडीचे कपटे खाली गेले, कामट्या सुट्या होऊन धारेला लागल्या. बाहेर आली तेव्हा तिची बोटं वाकत नव्हती. तिला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

संध्याकाळच्या गाडीनं बाई आल्या. मेहरुन किल्ली द्यायला स्वतः गेली आणि दारातच उभी राहिली. बाईंनी बत्ती लावली, चपला काढल्या, फांदीकडं पाहिलं.

"पडली का?" त्या खाली बघायला लागल्या. "रूथ, चांदणी पडलीय बघ कुठं."

"पडली न्हाई. मी नेली," मेहरुन म्हणाली. "थंड केली."

बाई ताठ उभ्या राहिल्या. काही वेळ त्यांना शब्दच कळला नाही असं वाटलं. मग कळला.

"माझ्या घरात येऊन?"

"व्हय."

"माझी किल्ली घेऊन?"

"व्हय, बाई."

"लोक मला सांगत होते," बाई हळू बोलत होत्या आणि ते ओरडण्याहून वाईट होतं, "की हिला घरात घेऊ नका. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. त्याच्या हातचं एवढंच होतं माझ्याकडं. एवढंच! कपडे त्याला आखूड झाले, वाटून टाकले. पाट्या फुटल्या. ती एक चांदणी होती."

"त्याच्यावर येऊ नये म्हनून—"

"तुझ्या भावाचं मढं माझ्या पोराच्या उरावर कशाला आणून टाकतेस?"

मेहरुननंच कधी काळी सांगितलेलं हे बोलल्यावर बाई स्वतःच थबकल्या. पण शब्द गेला होता. रूथ रडायला लागली. मेहरुननं किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि आपल्या खोलीत आली. तिला राग आला नाही. बाई बरोबर तेच बोलल्या होत्या म्हणून राग येईना. नसीरला तिनं खरंच इथवर आणला होता. सव्वीस वर्षं तो तिच्या मागून चालत आला होता आणि तिनं त्याला दुसऱ्याच्या घरात नेऊन बसवला होता. पण समजा तिनं काही केलं नसतं आणि मग तार आली असती? आणि उलटं, आता तार आली तर? मग बाई म्हणतील, तू माझ्या पोराला पाण्यात दाबलंस. आणि बाईंनी म्हणायच्या आधी ते तिची बोटंच म्हणतील. बोटांना तसंच लागलं होतं. गफूर आला, त्यानं चाळीत ऐकलं होतंच. त्यानं चूल पेटवली आणि तिचे हात ओढून विस्तवाजवळ धरले. "काळेनिळे पडलेत," एवढंच म्हणाला.

पुढं बाई बोलेनाशा झाल्या. चाळीत बोलणं बंद म्हणजे काय ते चाळीत राहिलेल्यालाच कळेल. एकच नळ, एकच संडासाची वाट, एकच भिंत. भिंतीपलीकडून बाईंचा खोकला यायचा, रूथचे पाढे यायचे. अंबूबाई नळावर मुद्दाम मोठ्यानं विचारायची, "काय मेहरुनबी, मास्तरीणबाईची किल्ली न्हाई कमरेला आता?" लोकांना दुसऱ्याची मैत्री मोडलेली आवडते. त्यात पैसे पडत नाहीत. मेहरुन घागर भरायची आणि जायची. रोज पोस्टमन चाळीत शिरला की दोन्ही दारांत दोघी उभ्या राहायच्या, एकमेकींकडं न बघता. तो दोघींच्या मधून निघून जायचा.

मग एक दिवस नळावर पाणी यायच्या आधीच बाई येऊन उभ्या होत्या. शाळेला सुट्टी होती. उन्हं नुकती चाळीच्या कौलांवर आली होती आणि नळावर आणखी कुणी नव्हतं. बाईंचे डोळे सुजलेले होते आणि केस नीट बांधलेले नव्हते. मेहरुननं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. तिनं घागर खाली ठेवली आणि लांब उभी राहिली.

"मी हे काही मानत नाही," बाई नळाकडं बघत म्हणाल्या. "तुला ठाऊक आहे."

"ठावं हाय."

"प्रार्थना करते मी. रोज करते. तेवढं पुरतं मला."

मेहरुननं ओळखलं. पत्र आलं नव्हतं. आलं असतं तर बाई इथं नसत्या.

"बुडाली का ती?"

मेहरुनला हो म्हणता आलं असतं. जीभ तयारसुद्धा झाली होती.

"न्हाई," ती म्हणाली. "वर येत हुती. बेगडीला पानी लागंना. मग मी हातानं दाबली."

"किती वेळ?"

"खळ सुटंपातूर."

बाईंनी मान वळवली आणि मेहरुनच्या हातांकडं पाहिलं. बोटांची कातडी थंडीनं उलली होती, नखांशी अजून काळं होतं. मेहरुनला हात पदराखाली घ्यावेसे वाटले, पण तिनं घेतले नाहीत.

"एकटीनं?" बाई म्हणाल्या.

"व्हय."

"मला सांगायचं होतंस." बाईंचा आवाज फुटला आणि त्यांनी तो तिथंच आवरला. "आधी नाही, मी ऐकलं नसतं. पाण्यात उतरल्यावर हाक मारायची होतीस. कुठूनही आले असते मी. दोघींनी दाबली असती."

नळ खाकरला, थोडी हवा आली, मग पाणी आलं. मेहरुननं बाईंची घागर उचलून धारेखाली ठेवली.